सरूमामीची शिक्षा

माझे सांडूमामा वैजापूरकडचे, पण निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. घरात मराठी बोलायचं, देवापुढं मराठीत हात जोडायचे आणि लिहायचं-वाचायचं उर्दूत, यात त्या काळी कुणालाच वावगं वाटत नसे. औरंगाबादच्या कचेरीत ते कारकून होते. मग पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, आणि कचेरीचा कारभार हळूहळू मराठीत येऊ लागला. चाळिशीतल्या माणसावर बाराखडी घोकायची वेळ आली. मामा दुकानांच्या पाट्या वाचत वाचत घरी यायचे आणि जोडाक्षर आडवं आलं की गुलमंडीवर भर रस्त्यात उभे राहायचे. मी त्यांना पुष्कळ चिडवलं.

ते चिडवणं आवडा होती तोवरच. आवडा ही त्यांची एकुलती एक लेक, उशिरा झालेली. नुकती शाळेत जायला लागली होती, आणि विषमज्वरानं गेली.

तिला पोचवून आल्यावर मामांनी एकच प्रश्न धरला. ही का गेली? विचारायचं कुणाला, तर पुस्तकाला. माणसं आपली समजूत घालतात, पुस्तक खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. आधी त्यांनी उर्दू पुस्तकं आणली. त्यांत सब्र करा, धीर धरा असं लिहिलेलं होतं, सब्र कशाच्या जोरावर करायचा ते कुठं सापडेना. मग त्यांच्या मनानं घेतलं की आपल्या देवाचं उत्तर आपल्या अक्षरांतच असणार. देवळाबाहेर स्वस्तातली धार्मिक पुस्तकं मिळायची, तिथून जाड ठशाचं एक घेऊन आले. ते हिंदी होतं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. अक्षरं मराठीचीच, बाजारात दखनी हिंदी तर रोज बोलत होते, आणि एखादा शब्द अडला तर मराठीवरून लावायचा.

संध्याकाळी ओसरीवर बसून ते मोठ्यानं वाचायचे. त्या अक्षरांत मनातल्या मनात वाचणं त्यांना जमतच नव्हतं. माझं सासर त्याच गल्लीत, त्यामुळं त्या दिवशी मीही तिथंच होते. आत सरूमामी भाकरी थापत होती. मामा बोट ठेवून वाचत गेले, "दुःख... ईश्वर की... शिक्षा है." थांबले. परत वाचलं. मग आत बघून म्हणाले, "सरू, सापडलं बघ. ही शिक्षा हाय. देवानं आपल्याला शिक्षा केली."

मामीचा हात परातीत थांबला. "कशाची?"

"ते अजून यायचंय," मामा म्हणाले.

पुस्तकात ते आलं नाही. मामीला मात्र लगेच सापडलं. आमच्याकडं आया लेकरांवर ओरडताना तोंडाला येईल ते बोलतात. तुझा मुडदा बशिवला, हे तर उठता-बसता. ज्या लेकरावर जीव जास्त, त्याला जास्त. ताप यायच्या आदल्या दिवशी आवडानं दुधाचं पातेलं लवंडलं होतं आणि मामी तेच बोलली होती.

"माझ्या तोंडानं गेली ती," मामी म्हणाली.

"मामी, असं म्हणल्यानं लेकरं जायला लागली तर वैजापुरात एक लेकरू उरायचं नाय," मी म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलं. ज्या तोंडानं पाप केलं त्याला चव कशाला, म्हणून मीठही सोडलं. आम्ही सगळ्यांनी विनवून पाहिलं. ती मान हलवायची आणि कामाला लागायची.

मामांचा मला भयंकर राग आला होता, पण त्यांच्याकडं बघवतही नव्हतं. कचेरीत जन्म काढलेला माणूस. हुकूम आहे तिथं अपीलही असतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. शिक्षा लिहिली आहे तर माफीही कुठंतरी लिहिलेली असणार, म्हणून ते आणखी पुस्तकं आणत गेले. कर्म, मागचा जन्म, माया, आत्मा. सगळं मोठ्यानं वाचून मामीला ऐकवायचे. "सरू, ह्यात म्हणलंय का आत्मा मरत नाय." मामी गप्प. "सरू, हे मागल्या जन्माचं असंल, तुझ्या तोंडाचं नसंल." मामी गप्प. वर्षानुवर्षं त्या घरात एकट्या मामांचा आवाज होता. जोडाक्षरं आता अडत नव्हती. तिथून परत येताना मला रोज रडू यायचं.

मग औरंगपुऱ्यात हिंदी शिकवणाऱ्यांनी एक नवी पाटी लावली, 'प्रौढ शिक्षा वर्ग'. मामा पाटीपुढं थबकले. तिथले मास्तर, बद्रीनाथ त्यांचं नाव, बाहेर आले तेव्हा मामांनी त्यांना सरळ विचारलं, "मोठ्या माणसांना हितं कसली शिक्षा करता?"

मास्तर हसले. "अहो, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तुमच्या उर्दूत तालीम म्हणतात ना, तेच."

तालीम. हा शब्द मामांना लहानपणापासून येत होता. तेच पुस्तक उर्दूत असतं तर ते एका दमात बरोबर वाचून मोकळे झाले असते.

ते धापा टाकत माझ्या दारात आले. "चल. तू व्हतीस तवा, तू बी पाहिजे," म्हणाले आणि मला घेऊन घरी गेले. मामी सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. मामा तिच्यापुढं खालीच बसले.

"सरू, म्या चुकलो गं. म्या उलटं वाचलं. त्यात शिक्षा म्हंजी तालीम. देव शिकवतो, असं हाय त्यात. तुला कुणी शिक्षा केलीच नाय. तू काय बी केलं नाय. बोल आता." ते लहान मुलासारखे रडत होते.

मला वाटलं आता मामीही रडेल, आणि सुटेल. तिनं सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी आलेला तिचा आवाज खरखरीत होता, मला तो ओळखू आला नाही.

"शिकवतो?"

"व्हय."

"असं काय शिकवायचं व्हतं मला, का त्यासाठी माझी लेक नेली?"

मामा रडायचे थांबले.

"शिक्षा व्हती तवर माझ्याजवळ काहीतरी व्हतं," ती म्हणाली. "म्या बोलले, म्हणून ती गेली. म्हणून म्या फेडीत व्हते. कवातरी फिटंल वाटायचं. तुमी ते बी काढून नेलं. आता म्या काय करू?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ज्वारी तशीच पडून होती.

त्यानंतर मामी बोलू लागली, गरजेपुरतं. मामांनी कचेरीच्या कागदांशिवाय पुन्हा काही वाचलं नाही. मीठ मात्र तिनं मरेपर्यंत तोंडाला लावलं नाही. आता कशासाठी, असं मी तिला एकदा विचारलं.

"मग दुसरं काय करू, बाई?" ती म्हणाली.