पाठीवरचा राघू

जगाकडे बघायला देवानं दिलेले दोन डोळे पुरत नाहीत म्हणून तिसरं भोक स्वतःच्या हातानं पाडून घेतलेली बाई मी एकच पाहिली. ती म्हणजे माझी थोरली भावजय. हे भोक पुठ्ठ्याला आहे. मिठाईच्या खोक्याचं झाकण घ्यायचं, त्याच्या मधोमध चार बोटांची चौकोनी खिडकी कापायची आणि छापील कापड दिसलं की ती खिडकी त्यावर ठेवून हळूहळू सरकवत राहायचं. खिडकीत अख्खं फूल, अख्खा हत्ती किंवा अख्खा राघू आला की वहिनी श्वास रोखते, खडूनं खूण करते, शिवणीसाठी चारी बाजूंनी थोडं जास्त कापड धरते आणि मगच कातर चालवते. असे चौकोन जोडून ती वाकळ शिवते. आमच्या कुरुंद्यातल्या बाकीच्या बाया हाताला येईल ती चिंधी लावून वाकळ पुरी करतात. वहिनीला ते पाप वाटतं.

"अर्धा हत्ती अंगावर घेऊन माणसाला झोप लागती का, भावजी?" असं तिनं मला एकदा विचारलं. तोवर मी जन्मभर अर्ध्या हत्तींखाली घोरत आलो होतो, पण त्या रात्री मात्र या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो.

कापडाच्या दुकानात ती पाव मीटर मागते, तेही ताग्याच्या मधलं. दुकानदार तिला लांबून बघतो आणि छापील तागे मागच्या फळीवर सरकवतो. माणसं ती नावानं ओळखत नाही, कपड्यावरनं ओळखते. "ती निळ्या कमळाची येऊन गेली," असं म्हणाली की आपण समजून घ्यायचं. एकदा विम्याचा एजंट आमच्या ओसरीवर बसून मला मरणाचे फायदे समजावून सांगत होता. त्याच्या शर्टावर जहाजं होती. वहिनी आतून आली आणि त्याच्या पोटावर पुठ्ठा धरून म्हणाली, "हलू नका. श्वास आत घ्या." तो बिचारा ही डॉक्टरीण आहे असं समजून जीभही बाहेर काढून बसला. कापून उरलेल्या कापडाला सगळीकडे खिडक्या असतात आणि ते घरात हात पुसायला वापरतात. माझे दादा होते तेव्हा म्हणायचे, "आमच्या घरात टॉवेल लई हायती, फक्त मधला भाग न्हाई."

आता मुख्य गोष्टीला येतो. वहिनी न विचारता कुणाचाही कपडा कापते, अशी तिची पंचक्रोशीत ख्याती आहे. ही ख्याती खोटी आहे आणि ती मी पसरवली. एजंटाच्या शर्टाला तिनं नुसता पुठ्ठा लावला होता, कातर लावली नव्हती. न विचारता तिनं कधी कुणाची दोरीसुद्धा कापली नाही.

झालं असं, की मी एस.टी.त नुकताच कंडक्टर म्हणून लागलो होतो आणि सेनगावला मुलगी बघायला जायचं होतं. त्या काळात छापील शर्टांची लाट होती. माझ्या पिवळ्या शर्टावर हिरवे राघू होते आणि तो घातला की मी फार देखणा दिसतो असा माझा समज होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता. सकाळी तांब्यात निखारे घालून मी इस्त्री करत होतो. मन सेनगावला पोहोचलं होतं, तांब्या पाठीवरच्या राघूवर थांबून राहिला होता. वास आला तेव्हा राघूच्या जागी कोळसा होता. मी रडायच्या बेताला आलो. वहिनीनं शर्ट घेतला, जळका चौकोन कापून टाकला, पँटीत खोचायचा जो मागचा भाग असतो तिथला एक राघू आपल्या खिडकीतून हेरून काढला आणि पाठीवर बसवला. पंखाला पंख, फांदीला फांदी. गाडी सुटायच्या आत शर्ट अंगात होता.

"फक्त वाकू नका," एवढंच ती म्हणाली.

सेनगावला पोहोचल्या पोहोचल्या मी होणाऱ्या सासऱ्यांच्या पाया पडायला वाकलो. शर्ट पँटीतून सुटला आणि मागच्या टोकाचं चौकोनी भोक साऱ्या बैठकीला दिसलं. कुणीतरी विचारलं, "पाव्हणं, हे खिडकीचं काय?" खरं सांगायचं तर 'शर्ट मी जाळला' असं म्हणावं लागलं असतं. मी म्हणालो, "आमच्या वहिनीला नाद हाय. दिसंल तो राघू कापती." बैठक हसली, दाराआडून मुलगीही हसली आणि तासाभरात लग्न ठरलं.

घरी येऊन मी वहिनीला भीत भीत हे सांगितलं. ती म्हणाली, "जमलं न्हवं? मग झालं."

माझं तिथं थांबलं असतं तर ठीक होतं. पण लोकांना हसवायची चटक वाईट. वसमतपासून सेनगावपर्यंतच्या प्रत्येक गाडीत मी ती गोष्ट सांगितली आणि तिला तिकीट लागत नसल्यामुळे ती मुक्कामाच्या पुढेही गेली. एका राघूचा अख्खा शर्ट झाला. पुढे एका लग्नात टाळ्या कमी पडल्या म्हणून मी पँटही तिच्या कातरीखाली घातली. मग बाया वहिनी दिसली की दोरीवरचे कपडे काढायला लागल्या.

यंदा तिच्या नातीला मुलगा झाला. पणतवाची वाकळ वहिनीनं शिवायला घेतली. लेकराच्या पांघरुणात दोन्ही घरचं वापरलेलं कापड असावं, असा तिचा हट्ट. म्हणून तिनं जवळा बाजार गावी नातीच्या सासूला फोन लावला आणि एक जुनी साडी मागितली. फोनचा आवाज मोठा होता, मी शेजारीच होतो.

"साडी देऊ, पण तुमचा काय भरवसा? एक द्यावी तर शेजारचीला खिडकी पाडसाल. कंडक्टर तात्यांनी समदं सांगितलंय आमाला."

वहिनीनं फोन ठेवला. पुठ्ठा खिळ्याला अडकवला आणि वाकळ गुंडाळून ठेवली. मी तो तात्या. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

बारशाला जवळा बाजारची मंडळी कुरुंद्याला आली. पाळणा झाल्यावर मी उभा राहिलो. तात्या उठले म्हणताच बायांनी पदर तोंडाला लावून हसायची तयारी केली. मी तांब्या, निखारे, सगळं खरं सांगितलं. कुणी हसलं नाही. मागून आवाज आला, "तात्या आताशा इसरून राहिले." आणि सगळ्यात कहर म्हणजे वहिनीच म्हणाली, "काहून चांगली गोष्ट नासवून राहिले, भावजी?"

माझ्या बायकोनं तो शर्ट लग्नाची निशाणी म्हणून पेटीत जपला होता. तो मी सतरंजीवर पसरला आणि म्हणालो, "पाठीवरचा जोड दाखवा." बाया वाकल्या, चष्मे पुढं-मागं झाले, पण जोड काही सापडेना. शेवटी नातीच्या सासूनं शर्ट उलटा केला. आत चारी बाजूंना एकसारखी बारीक शिवण होती. ती शिवणीवर बोट फिरवत राहिली, मग खालचं भोक बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"म्हंजे तुमची लाज झाकली हिनं, आन् तुमी इतके वर्सं हिच्याच नावानं तिकिटं फाडत होते व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाळाचे कपडे नातीच्या सासूनं एका जुन्या साडीत बांधून आणले होते. तिनं ते गाठोडं सोडलं आणि साडी वहिनीच्या मांडीवर ठेवली. "घ्या विहीणबाई. कोयरी बराबर दिसंल तिथून कापा." वहिनीनं खिळ्यावरचा पुठ्ठा काढला.

मधल्या चौकोनाला तिला शर्टावरचा राघू हवा होता. मी पाठीवरचा दाखवला. "त्याला हात लावू नका, ते माझं चांगलं काम हाय," म्हणाली आणि पुढचा एक निवडला. मोतीबिंदू काढूनही तिला आता धूसरच दिसतं. पुठ्ठा ठेवून ती म्हणाली, "भावजी, तुमी बघा. मधोमध हाय का?"

राघू डावीकडे सरकला होता. शेपटी शिवणीत जाणार, हे मलाही दिसत होतं. पण तिसऱ्यांदा तरी ती पुठ्ठा सरकवत होती.

"बराबर मधोमध," मी म्हणालो.

तिनं कापला, शिवला आणि चौकोनावरून अंगठा फिरवला. शिवण सरळ होती, ती बोटाला कळते. छपाई कळत नाही. ती समाधानानं हसली. पणतू आता त्या शेपूट तुटलेल्या राघूखाली गाढ झोपतो.

हे छापून आलं की नात ते आजीला वाचून दाखवणार. पोरी, साडीच्या कोयरीपर्यंतच वाच आणि मग तिला चहा करून दे.