पदराच्या गाठीतला पॉइंट

अर्णव, मीरा,

तुम्ही फोनवर नेहमी विचारता, "आजी, तुला कधी भूत दिसलं का गं?" नाही दिसलं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणं, नजर लागणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून 'आजीचं आता वय झालं' असं कुणी म्हणणार नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही नुकतेच सुकापूरला राहायला आलो होतो. तेव्हा तिथे मोजकी बैठी घरं होती, समोर भातशेती. रिक्षा हवी असेल तर नव्या पनवेलपर्यंत चालत जायचं. तुमच्या आजोबांकडे एक जुनी मोटारसायकल होती. चालवायचं काम त्यांचं, दुरुस्तीचं माझं. शेजारच्या रझियाभाभींना याची भारी गंमत वाटायची. "बाई, साहेब पेपर वाचतात नि तुम्ही गाडीचं ऑपरेशन करता! उलटा जमाना!"

त्या रविवारी दुपारी गाडी सुरूच होईना. मी शिस्तीत एकेक तपासत गेले. हॉर्न खणखणीत, दिवाही लख्ख... म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढून इंजिनला टेकवला, आजोबांनी किक मारली – ठिणगी नाही. टेस्ट लॅम्प लावून पाहिलं, ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या कॉइलपर्यंत करंट येत होता. उरला पॉइंट. पॉइंट म्हणजे इंजिनाच्या बाजूला झाकणाखाली बसवलेला एक छोटासा स्विच. तो उघडझाप करतो तेव्हाच ठिणगी पडते, आणि ठिणगी पडली तरच पेट्रोल पेटतं. झाकण उघडून बघते तर पॉइंट काळाकुट्ट.

घासून साफ करायला म्हणून मी तो स्क्रूंसकट काढला. हरवू नये म्हणून पदराच्या टोकाला बांधून ठेवला. रझियाभाभी कुंपणापलीकडून बघत होत्या. "आता पुर्जे पण पदरात? सोनं बांधतात बाई त्यात!" म्हणून हसल्या. मग पॉलिश पेपर आणायला आत जायच्या आधी मी रिकाम्या जागेवर झाकण परत घट्ट बसवलं. अर्धं काम उघडं टाकून उठायचं नाही, धूळ जाते – ही माझी शिस्त. तोवर आजोबांनी प्लग जागेवर लावला.

आत गेले तर शुभा... तुमची आई. चौथीत होती तेव्हा. दम्याचा त्रास तिला होताच, पण असा अटॅक मी पाहिला नव्हता. खाटेची कड दोन्ही हातांनी धरून बसलेली, खांदे वर चढलेले, ओठ निळसर. गोळी दिली तर गिळवेना.

"अहो! शुभाला उचला! डॉक्टरकडे!"

आजोबांनी झाकण लागलेलं पाहिलं आणि माझं काम झालं असं समजले. मला तर त्या क्षणी पॉइंट, कॉइल काहीच आठवत नव्हतं. शुभाला मध्ये घेऊन मी मागे बसले. त्यांनी किक मारली आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

आम्ही निघालो तशा रझियाभाभी हात हलवत मागे धावल्या. काहीतरी ओरडत होत्या, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना. मी वळून पाहिलं. त्या स्वतःच्या ओढणीचं टोक धरून वर दाखवत होत्या... पुन्हा पुन्हा.

मी पदर चाचपला. गाठीतून स्क्रूचं टोक बोटाला टोचलं.

ही गाडी चालू असणं शक्य नव्हतं. पण खाली इंजिन धडधडत होतं, आणि माझ्या छातीशी शुभाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आजोबांना सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं आणि बंद पडली तर? या उन्हात, अर्ध्या रस्त्यात, पोरीला घेऊन?

पुढे रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी येत होती. पेट्रोल वाचावं म्हणून फाटकाशी इंजिन बंद करायचं, ही आजोबांची सवय. त्यांचा हात चावीकडे गेला.

"बंद करू नका!" मी किंचाळलेच.

"अगं सुलू, मालगाडी आहे. वेळ लागणार."

"लागू दे. चालू राहू दे."

"धूर जातोय तिच्या नाकातोंडात! तिला आधीच..."

खरं होतं ते. आमच्याच गाडीचा धूर वाऱ्याने अंगावर येत होता आणि धुराच्या प्रत्येक लोटासरशी शुभा कासावीस होत होती. मी तिचं तोंड पदराखाली घेतलं.

"मी झाकते तिला. पण तुम्हाला माझी शपथ, बंद करू नका."

शपथ घालणारी मी नव्हे. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि चावीवरचा हात काढला. डबे संपता संपेनात. मध्येच इंजिन अडखळलं... मी गाठ मुठीत आवळून धरली. त्यांनी रेस दिली, पुन्हा लय लागली. फाटक उघडलं.

जुन्या पनवेलला डॉक्टर दवाखान्याच्याच वर राहत. त्यांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. ऊन कलता कलता शुभाच्या ओठांना रंग आला आणि ती म्हणाली, "आई, भूक लागली." तेव्हा कुठे मी रडले.

मग आजोबांना बाहेर नेऊन गाठ सोडून दाखवली. ते हसले. "हा जुना असेल."

"आपल्याकडे एकच आहे."

त्यांनी डिकीतल्या स्क्रू ड्रायव्हरने झाकण काढलं. आत रिकामं. वायर नुसती लोंबत होती. त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. घामाघूम झाले. गाडी ठिम्म.

मी तिथेच पायरीवर पॉइंट घासला आणि बसवला. मग सुरू झाली. त्यात नवल नाही, सुरू व्हायलाच हवी होती.

"रस्त्यात का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही थांबवून झाकण उघडून बघितलं असतं."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुसून डिकीत ठेवला. मग म्हणाले, "हो. बघितलंच असतं."

गरम इंजिन ठिणगीशिवाय कधी कधी थोडं फिरत राहतं, हे मला माहीत आहे. पण आमचं गार होतं. उतारही नव्हता. आमच्या मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडून चूक झाली असेल." मी म्हटलं, असेल. पण रझियाभाभींनीही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी नेहमीसारखंच शिकवलं, परिपथ तुटला की प्रवाह थांबतो. आजही तेच शिकवीन, कारण ते खरं आहे. त्या दुपारी तो तुटलेलाच होता, हेही खरं आहे. ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी कशी ठेवायची ते मला अजून कळलेलं नाही. तुमची आई तिकडे स्वयंपाकघरात तुमच्यावर ओरडत असेल, तेव्हा जरा तिच्याकडे नीट बघा.

– आजी