न हलवलेली नळी

खामगावच्या त्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, आणि खोलीच्या खिडकीशी एक पितळी सूक्ष्मदर्शक. बाजारातली कारकुनी सोडून मी तिथे कामाच्या शोधात गेलो, तेव्हा डॉक्टर भास्करराव मेहुणकर त्याला डोळा लावून बसले होते. माझा नमस्कार त्यांना दिसलाच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "या, बघा. पण बोलू नका." फिकट उजेडात बारीक काड्या तरंगत होत्या. मधूनच एखादी थरथरत पुढे सरके. किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे! उठलो तेव्हा नोकरी लागलेली होती.

डॉक्टरसाहेब यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्या हातगुणाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या प्रयोगशाळेतला माणूस, मी एका नळीविषयी लिहितो. ही हकीकत माझ्या धाकट्या बहिणीची, विमलची आहे आणि ती लिहायला तिने आनंदाने होकार दिला आहे.

परदेशी मासिकातले एक छायाचित्र साहेबांनी जपून ठेवले होते. त्यात जंतूच्या अंगावर चहूबाजूंनी बारीक केस होते. आमच्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसणे शक्यच नव्हते. तरी दुपार कलली की साहेब खिडकीशी बसून त्यांच्याविषयी असे बोलत, की मलाही ते हलताना दिसू लागत. "याच केसांनी तो माणसाच्या शरीराला धरतो. धरता आले नाही तर बिचारा वाहून जाईल." शेपटी नसलेले काही जंतू काचेवर झटके देत सरकतात, तेही केसांचेच काम असेल का, असे ते मला विचारत. मी आपली मान डोलावत असे.

विमल पिंपळगाव राजा या गावी दिलेली. तिला लघवीची जळजळ होई, ताप येई. औषधाने बरे वाटे आणि महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिच्या सासूबाईच तिला घेऊन आल्या. "औषध लागतच नाही हिले. नासकं अंग हाये. हिच्या भावाले म्हना, घेऊन जा आता कायमची." भाऊ तिथेच नळ्या धूत उभा होता.

साहेबांनी विमलला विचारले, दिवसा लघवीला बाहेर जाता का? उत्तर सासूबाईंनी दिले. "सून दिवसा कशी जाईन? पहाटे जाते, मंग अंधार पडल्यावर." दिवसा जावे लागेल या भीतीने विमल पाणीही घोटभरच पीत असे. "म्हणजे जंतूंना धरून बसायला दिवसभर सवड," साहेब म्हणाले. "बाजाराच्या दिवशी या, दाखवतो." विमलच्या लघवीचा नमुना घेऊन त्यांनी तिला औषध सुरू केले. नमुन्यातले जंतू नळीतल्या मांसाच्या अर्कात वाढायला ठेवले आणि नळी माझ्या हवाली केली.

दवाखान्यातल्या प्रत्येक मिश्रणाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' ही चिठ्ठी मीच चिकटवत असे. त्याच सवयीने, जंतू चांगले वाढावेत म्हणून, मी ती नळी तासातासाला हलवत राहिलो.

बाजाराच्या दिवशी साहेबांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर कोंबडीच्या रक्ताचा आणि जंतूंचा थेंब एकत्र केला. केसांनी रक्तपेशींना धरले, तर रक्ताचे दाणे व्हायला हवे होते. लाल पाणी लाल पाणीच राहिले. सासूबाई उठल्या. "पाह्यलं न? काईच नाही." विमलने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरलेलो नाही.

"चूक माझी आहे, बाई," साहेब म्हणाले. "मांडणी चुकली. पुढच्या बाजाराला एकदाच या." त्या गेल्यावर त्यांनी मला विचारले आणि मी रडतच सगळे सांगितले. साहेब रागावले नाहीत. "निवांत ठेवले की ते वर येऊन साय धरतात, मग केस फुटतात. तुम्ही त्यांना बसूच दिले नाही!" माझी चूक त्यांनी कुणालाही सांगितली नाही. आज मीच सांगतो आहे.

राखून ठेवलेल्या जंतूंची नवी नळी भरली. तिला मी बोटही लावले नाही. पुढच्या बाजाराला फरशीचा तुकडा डोलवता डोलवता लाल पाण्यात कण उमटले, एकमेकांना बिलगले आणि पाणी नितळ झाले. सासूबाई वाकून पाहत राहिल्या.

"अवं माय! हे त लुगड्याले कुसळं लागते तसं धरून बसते."

"धरतात. आणि तुम्ही तिला दिवसभर उठू देत नाही," साहेब म्हणाले.

मग सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "मले बी होते हे. लय वर्सं झाले. कोनाले सांगू?"

साहेबांनी काही न विचारता त्यांचेही औषध बांधले. महिन्याभरात पिंपळगावच्या त्या परसात, दिवसाही जाता यावे म्हणून, तुराट्यांचा आडोसा उभा राहिला. तो सासूबाईंनीच उभा करवला. विमलला तो त्रास पुन्हा झाला नाही.

साहेबांच्या डोळ्यांना ते केस प्रत्यक्ष पाहण्याइतके आयुष्य मिळो, आणि शरीर त्यांना शेवटपर्यंत साथ देवो, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. हे लिहिण्याआधी मी पिंपळगावला गेलो होतो. तुझ्याकडून काय लिहू, असे विमलला विचारले. भाकर थापता थापता ती म्हणाली, "साहेबाईले लय आयुष्य लाभो म्हना. अन् लिह्य दादा, मी माह्याच घरी हाओ."