हापशीजवळचा बंपर

ती घटना आठवली की आजही आधी ओल्या लोखंडाचा वास येतो. माणसे त्यानंतर येतात.

वऱ्हाडातील ती वर्षे वाईट होती. मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यू, नोंदवताना ठाणे अंमलदाराचा हात थबकत नसे. कीटकनाशकाचा उग्र दर्प पंचनाम्याच्या कागदांना चिकटून ठाण्यात येई आणि दिवसभर टेबलांवर रेंगाळे. अशाच एका ग्रामीण ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा कोठडीत एक रिक्षाचालक गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्त वाळले होते आणि त्या रक्तात कापसाचे तंतू अडकले होते.

फिर्याद अशी होती. कापूस वेचून परतणारी एक बाई जीप चुकल्यामुळे नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याने पायी निघाली. रिक्षाचालकाने तिला बसवून घेतले, वाटेत अंगलगट केली आणि ती प्रतिकार करू लागताच बाहेर ढकलून दिले. फिर्यादी होता जीपचा मालक. मजूर बायांना वेचणीला नेणारा मुकादमही तोच. अमरावतीच्या रुग्णालयात पोचेपर्यंत बाई गेली होती, आणि तिला आणणारा माणूस तिथेच ताब्यात घेतला गेला होता. गुन्हा खुनाचा. तो मुसलमान होता, बाई हिंदू. गावात त्यावरून जी कुजबूज चालली होती, ती माझ्या येण्याआधीच ठाण्याच्या फाटकापर्यंत आली होती.

आमचे हवालदार जुने, मनाने वाईट नव्हेत. पण त्या वर्षांनी त्यांना थकवले होते. ते म्हणाले, "मॅडम, रगत याच्या रिक्षात, बाई याच्या रिक्षात. अजून काय पायजे?"

मी रिक्षाचालकाला समोर बसवले. तो म्हणाला, "बडनेऱ्याचा हाय मी. सासरवाडीहून रिकामा येऊन राहिलो होतो. समोर धूळच धूळ होती. धूळ खाली बसली तं बाई दिसली."

"थांबलास कशाला?" हवालदारांनी विचारले. "लोक थांबत नाहीत. तूच काहून थांबला?"

त्याला तो प्रश्नच कळला नाही. "कन्हत होती ना, साहेब," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून सांगू लागला, "तिच्या ओटीत मूठभर कापूस होता, मॅडम. तोच काढून डोक्याखाली ठिवला. रस्ता खराब हाय, डोकं आपटत होतं."

चौकशीच्या खोलीत मी पुष्कळ खोटे ऐकले आहे. खोटे बोलणारा स्वतःच्या बाजूने बोलतो. हा माणूस त्या बाईच्या डोक्याविषयी बोलत होता.

पण माझे मत हा पुरावा नव्हे. शवविच्छेदनात झटापटीची खूण नव्हती. जखम डोक्याच्या मागच्या बाजूस होती. तरी ढकललेला माणूसही मागच्या मागे पडू शकतो. साक्षीदार असलेल्या बाया एकच वाक्य पाठ म्हटल्यासारख्या म्हणत, "ते आमच्यासंगं नव्हती." मृत बाईची धाकटी जाऊही तेच म्हणाली, पण बोलताना उजवा हात पदराखाली घट्ट धरून. पोलीस कोठडीची मुदत संपत आली होती. एकदा तो तुरुंगात गेला, की खटला उभा राहीपर्यंत त्याची वर्षे तिथे जाणार हे मला दिसत होते. त्याची बायको फाटकाबाहेर डबा घेऊन बसे. रडत नसे, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे पाही.

खबर मिळाली ती फोनवर. मागे बसस्थानकाचा गलका ऐकू येत होता. एक पुरुष घाईने बोलला, "मॅडम, त्या जीपले मांगं बंपर होतं. मोठ्ठं. आता नाही."

"कोण बोलताय?"

फोन बंद झाला.

जीपमालकाच्या अंगणात गेले. चारही चाकांवर जोर घेणारी, चिखलात न रुतणारी ती गाडी. पुढे जाड पाइपचा रुबाबदार बंपर, मागे मात्र कंपनीची नाजूक पट्टी. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चेसीवर रंगाचे दोन चौकोन ताजे होते, बाकी अंगावर धुळीचा थर. काहीतरी जड तिथे फार दिवस होते आणि नुकतेच निघाले होते.

"मागचा बंपर कुठे?"

"ते व्हय? काढून टाकलं, मॅडम. गाडी ॲवरेज देत नव्हती."

"आणि पुढचा?"

तो हसला. "पुढचं शानीचं हाय. मांगून कोन पाहते?" मागचा भंगारात गेला म्हणाला, भंगारवाला फिरता, नाव ठाऊक नाही. बंपर कुठे बनवला हे मात्र त्याने न विचारता, अभिमानाने सांगितले. अकोल्याला.

अकोल्यातील ते वर्कशॉप मला अजून दिसते. वेल्डिंगच्या निळ्या उजेडात भिंतीवर बंपर टांगलेले होते, जाड नळ्यांचे, टोकांना आकडे लावलेले. रानात रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी ते असतात. पण मिस्त्रीच सांगत होते, की बहुतेक गिऱ्हाइकांच्या गाड्या चौकापलीकडे जात नाहीत. वृद्ध गृहस्थ, दाढीला मेंदी, डोळे ठिणग्यांनी कायमचे लाल.

"हां मॅडम, म्याच बनोलं," ते म्हणाले. "मांगं हूक, दोन्हीकडून पाइप. मंग तो परत आला. म्हणे, चाचा, याच्यावर पत्रा मारून द्या, पाय मावीन इतका रुंद. म्या इचारलं, कोन उभं राह्यते? तं म्हणे, कोनी नाही, पोते ठेवतो."

"मग?"

"मंग मारून देल्ला. जुन्या ट्रकचा पत्रा होता, खालून हिरवा. दोन टाके मारले बस. पोत्याले काय लागते?" हातातली इलेक्ट्रोड त्यांनी खाली ठेवली. "माणसं उभी केली काय त्यानं?"

 त्यांनी चहा मागवला आणि तो निवेपर्यंत दोघेही त्याकडे पाहत बसलो.

माणसे उभी केली होती. ते त्या रस्त्यावरील प्रत्येकाला ठाऊक होते. ज्या गावांच्या शेतांत वेचण्यासारखे काही उरले नव्हते, तिथल्या बाया दूरच्या ओलिताच्या शेतांवर जात. नेणारी जीप एकच. आतल्या बाकांवर वयस्कर बसत आणि तरण्या बाया मागे बंपरवर उभ्या राहत, वरचा गरम पाइप पदराच्या टोकाने धरून. प्रत्येकीची जागा ठरलेली असे. आम्हा पोलिसांच्या गाड्याही त्या जीपमागून जात, आणि वाऱ्यावर उडणारे ते पदर माझ्या येण्याआधी ठाण्यातले सगळे रोज पाहत होते.

पण पाहिलेले सगळे न्यायालयात नेता येत नाही. मला लोखंड हवे होते.

फेरजबाबासाठी हवालदारांना घेऊन पुन्हा गावात गेले. बाया तेच बोलल्या. दमून मी हापशीसमोरच्या निंबाखाली बसले. काळ्या मातीत पाणी सांडून हापशीभोवती चांगला घोटाभर चिखल होता. त्यात पाणी भरणाऱ्यांना उभे राहता यावे म्हणून एक लांबट लोखंडी पत्रा टाकलेला होता, खडबडीत नक्षीचा. तो मी पाहिला आणि सोडून दिला. मग बाया आल्या.

पहिलीने लुगडे वर खोचले आणि ती चिखलात उतरली. दुसरीही. तिसरी घसरली, तिचा पाण्याचा गुंड कलंडला, तरी तिने पाय पत्र्यावर टेकला नाही. चिखलातच हात रोवून ती उठली. एक पुरुष आला, पत्र्यावर ऐटीत उभा राहून त्याने पाय धुतले आणि गेला. तो जाईपर्यंत बाया बाजूला थांबल्या, मग पुन्हा चिखलात उतरल्या. कोणी कोणाला काही सांगत नव्हते.

मृत बाईची जाऊ आली, तेव्हा मी म्हटले, "अहो बाई, पाय कशाला बरबटून घेता? त्यावर उभ्या राहा ना."

ती सहज बोलून गेली. "नाही मॅडम. तिथं तिची जागा हाय."

हापशीची दांडी कोणाच्या तरी हातात वर राहिली. पाणी थांबले. तिने माझ्याकडे पाहिले आणि आपण काय बोललो ते तिला कळले.

हवालदार न सांगता पुढे झाले. बूट काढले, पँट दुमडली आणि पत्रा उलटा केला. खाली हिरवा रंग होता, आणि एका कडेला तुटलेला टाका, दात पडलेल्या हिरडीसारखा. त्या क्षणी चिखलातून तो वास उठला, ओल्या लोखंडाचा. हवालदार तसेच वाकून उभे राहिले. "आपनच ठेवलं ना त्याले कोठडीत," ते म्हणाले. 

पंच बोलावले, पंचनामा केला. जीपमालक अडकला तो या पत्र्यामुळेच. चांगला पत्रा भंगारात घालायला त्याचे मन झाले नव्हते. नळ्या कापून ठेवल्या आणि पत्रा त्याने हापशीला दिला होता, चार माणसांसमोर. "बायांचेच पाय चिखलात जात होते, मॅडम," तो म्हणाला. "म्हनून देल्ला." मला वाटते, तेवढे वाक्य तो खरे बोलला.

जाऊचा जबाब संध्याकाळपर्यंत चालला. खड्ड्यात जीप उसळली, पत्रा एका बाजूने सुटला. "तिचा हात माह्या हातात होता," ती म्हणाली आणि पदराखालचा उजवा हात तिने बाहेर काढला. मनगटावर नखांचे ओरखडे वाळले होते. "आमी सगळ्या ओरडलो. त्यानं टेपचा आवाज वाढोला. गावात आल्यावर म्हणे, उद्या वेचाले यायचं हाय ना?"

पुरावा नसल्याचा, कलम १६९ चा अहवाल देऊन रिक्षाचालकाला सोडवले. जीपमालकावर सदोष मनुष्यवधाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला. रिक्षा परत देताना तिच्या सीटवरचा डाग तसाच होता. त्याने तो पाहिला आणि विचारले, "मॅडम, एक सांगा. पुढं कोनी रस्त्यात पडलेलं दिसलं, तं थांबू का नको?"

"थांब," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. बायको डबा मांडीवर घेऊन मागे बसली, डागापासून सरकून.

खटल्याबद्दल थोडेच लिहिते. मिस्त्री आले आणि जे घडले तेच बोलले. पण पोते म्हणून सांगितले होते, याला दुसरा साक्षीदार नव्हता. बाया एकामागून एक फितूर झाल्या. वेचणीचा हंगाम तोंडावर होता आणि जीप एकच होती. जाऊ पिंजऱ्यात उभी राहिली, मनगट पदराने झाकले आणि म्हणाली, "मले आठोत नाही." तिच्यावर मी रागावू शकले नाही. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला, आणि मुद्देमाल मालकाला परत करण्याचा आदेश झाला. हवालदारांनी तो पत्रा गोदामातून काढून दिला आणि सही घेतली.

पुढच्या हंगामात ती जीप माझ्या गाडीपुढे आली. मागे बंपर होता, त्यावर हिरव्या पोटाचा तोच पत्रा. आत बाया खच्चून भरलेल्या होत्या. बंपरवर चौघी उभ्या, कडेची जागा मोकळी. जाऊ त्या मोकळ्या जागेच्या शेजारी होती. मी जीप थांबवली, दंड केला, बायांना उतरवले. त्या उतरल्या आणि मुकाट्याने पायी चालू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होते, त्याला कृतज्ञता म्हणता येणार नाही.

या प्रकरणाने काय शिकवले, असे मला तरुण अधिकारी विचारतात. तपासाविषयी विचारत असतील, तर माणसे पाय कुठे ठेवत नाहीत ते पाहा, एवढे सांगते. त्यापलीकडचे सांगवत नाही.

पुढे माझी बदली अमरावती शहरात झाली. एका सकाळी राजापेठेत शिकवणीच्या मुलांच्या सायकली आणि स्कूटरींच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून घसरले. डोके दुभाजकावर आपटले. त्यांच्या अगदी पुढ्यात एक रिक्षा होती, रिकामी. ती थांबली. चालकाने एक पाय खाली टेकवला, अर्धा उतरला. मी त्याला ओळखले. मग त्याची नजर आरशात गेली, आणि आरशात आमची गाडी होती.

त्याने पाय आत घेतला. रिक्षा गर्दीत निघून गेली.

म्हाताऱ्यांना मी उचलले. माझ्या बाहीला रक्त लागले, ऊन आणि ओले, आणि त्याला लोखंडाचा वास येत होता.