परदेशी सैन्यास जामिनाचा अर्ज

इंदापूरच्या तहसील आवारात माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तथापि माझ्या हातचा अर्ज न वाचता खाली ठेवणारा अधिकारी मला अद्याप भेटलेला नाही.

एके सकाळी अंथुर्ण्याच्या एक मावशी आल्या. त्यांचा मुलगा वार्ताहर. परमुलखातील युद्धाच्या बातम्या पाठवीत असता तेथील सैन्याने नाक्यावर त्याची गाडी अडवली, कॅमेरा काढून घेतला आणि दोन स्थानिक वार्ताहरांसह त्याला छावणीत बसवून ठेवले, असे त्याच्या कचेरीने कळवले होते. मावशींनी पिशवीतून डाळिंबाच्या बागेचा सातबारा काढला. आमच्याकडे माणूस आत गेला की सातबारा लावून जामीन राहतात. सैन्यालाही तो चालेल, अशी त्यांची खात्री होती. विचाराअंती माझीही झाली.

शेजारच्या मुद्रांकवाल्याने विचारले, "रायटरसाहेब, तितल्या सेनापतीला मराठी येतं व्हय?"

दुभाषे ठेवल्याखेरीज कोणी युद्ध करीत नाही, असे मी त्यास सुनावले.

"लिवा, त्यो लढाया गेल्याला न्हाय," मावशी म्हणाल्या. "बगायचं आन् सांगायचं, येवढंच त्याचं काम हाय."

मी लिहिले, ‘मेहेरबान सेनापती साहेब यांचे सेवेशी. अर्जदाराचा मुलगा कोणत्याही पक्षाचा नाही. सबब त्यास कॅमेऱ्यासह सोडण्याचा हुकूम व्हावा.’ दुसऱ्याचे गाऱ्हाणे मांडणाऱ्यासच कोंडणे हा माझ्याही पेशाचा अपमान होता; त्यामुळे पुढील मजकूर जरा तिखट झाला.

मावशी सही करीत असतानाच त्यांचा फोन वाजला. मुलगाच होता. त्याला सोडले होते. कॅमेरा परत दिला, मात्र छायाचित्रे पुसून. मावशींनी आधी जेवलास का विचारले, मग त्याला असे झापले की सगळे आवार गोळा झाले. मुद्रांकवाल्याने आपण होऊन चहा सांगितला. मी फोनवर अर्ज वाचून दाखवला, तेव्हा मुलगा लेकरासारखा खदखदून हसला आणि त्याच्या मागे आम्ही सारे.

मग मावशींनी सोबतच्या दोघांची चौकशी केली. ते अजून आतच होते.

"अर्ज तसाच ऱ्हाऊ द्या," त्या मला म्हणाल्या. "त्या दोगांची नावं घाला. जामीन मीच हाय."

अर्जाचा फोटो पाठवा, इथे वार्ताहरांचे निवेदन जाते आहे, त्याला जोडतो, असे मुलगा म्हणाला. त्याने सावकाश नावे सांगितली, मी ती सुवाच्य लिहिली आणि राहणार कोठले, असे विचारले.

त्याच्या आधी मावशीच बोलल्या, "अंथुर्णेच लावा. सुटल्यावर पयलं जेवाय हितंच यायचेत."