न चाखणारा आचारी

आमचा आचारी स्वतः शिजवलेलं कधी चाखत नसे. इकडे परदेशात, न्यू लिनला, आमच्या घरामागच्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे अंगणातल्या सुट्या खोलीत, तो भाड्यानं राहायचा. एका रेस्टॉरंटात शेफ होता आणि रग्बीची मोठी मॅच असली की आमच्याकडच्या मंडळींसाठी तिखट विंग्ज करायचा. "अरे, मीठ तरी बघ!" मी ओरडायचे. त्याचं उत्तर ठरलेलं, "ताई, नैवेद्य आधी चाखतात का?" कोंबडीचा नैवेद्य, आणि तोही रग्बीला! कप्पाळ माझं!

विंग्ज मात्र अशा करायचा की लोक हाडं चोखत बसायचे. ब्याडगी मिरची भिजवून वाटायची, त्यात लसूण, व्हिनेगर, गूळ आणि शेवटी लोणी. तळताना कढईकडे कान देऊन उभा राहायचा. "आवाज बारीक झाला की काढायच्या," म्हणायचा. मला वाटे, नाटकं आहेत झालं.

एका शनिवारी मी कपडे वाळत घालून आत आले तर घरभर जळका वास. सॉस तळाशी लागून काळा झालेला, आणि हा महाशय शेजारीच शांतपणे कांदा चिरतोय! "नाक आहे की नाही तुला?" मी खेकसले. त्यानं सुरी ठेवली आणि मटकन खाली बसला. "नाही ताई. तापात गेलं. वास नाही, चव नाही. वर्ष होत आलं." मग हात जोडले. "कुणाला बोलू नका. माझा व्हिसा त्या किचनच्या नोकरीवर आहे. कळलं तर संपलोच." एवढा दांडगा माणूस ढसाढसा रडला.

तेव्हापासून चाखायचं काम माझ्याकडे आलं. मीठ चिमूटभर, आंबट बास, असं मी सांगायचे. पण रेस्टॉरंटात मी कुठून असणार? गिऱ्हाईकं कुरकुरू लागली, ताटं परत यायला लागली. आचाऱ्याचं जेवणच सुटलं. "चावून चावून गिळतो नुसतं," म्हणायचा. शेवटी त्यानंच रेस्टॉरंटच्या मालकाला मॅचला आमच्याकडे बोलावलं. "एकदा माझ्या विंग्ज खाल्ल्या की त्याचं तोंड बंद होईल."

मालक नाशिकचा, खाण्यातला दर्दी. त्या दिवशी सॉस मी पुन्हा पुन्हा चाखला होता. मालकानं बोटं चाटली, पाठ थोपटली. हुश्श म्हणतेय तेवढ्यात त्यानं पिशवीतून बाटली काढली. "हा तू काल किचनमध्ये केलेला सॉस. जरा घे बघू. काय झालंय?"

आचाऱ्यानं चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बाटलीतलं मी काही चाखलेलं नव्हतं, सांगणार काय कर्म? टीव्हीवर लोक बोंबलत होते.

"मीठ जरा कमी पडलंय," तो म्हणाला.

मालकानं चमचा माझ्यापुढे केला. नुसतं मीठ! तोंडात धरवेना. मालक ओरडला नाही. "सोमवारी येऊ नकोस," एवढंच म्हणाला.

मग शेजारच्या अवोन्डेलपासून पार दुसऱ्या बेटावरच्या हॉर्नबीपर्यंत आचाऱ्यानं रेस्टॉरंटांना फोन केले. प्रत्येक जण म्हणे, आधी आमच्या किचनमध्ये करून दाखव. डॉक्टर म्हणे, वाट बघा. व्हिसा वाट बघत नाही.

एअरपोर्टवर मी म्हटलं, "गावी दुसरं काहीतरी काम मिळेल रे."

"कामाचं नाही हो ताई. आई ताट वाढून समोर बसेल. पहिला घास घेतला की विचारेल, कसं झालंय?"

"छान झालंय म्हण."

"रोज?" त्यानं विचारलं.