बंदुकीच्या अर्जातली दोन उत्तरं

१२ फेब्रुवारी, बुधवार. बयाणा पाच हजार रुपये, रोख. ठिकाण धुळ्यातलं बंदुकीचं दुकान. हजर चौघे: मी, माझे मेहुणे, दुकानदार आणि मेहुण्यांनी बरोबर आणलेला एक एजंट. माल म्हणजे बारा बोअरची एकनळी बंदूक, जुनी, किंमत चौतीस हजार. परवाना मिळेपर्यंत दुकानदार ती बाजूला ठेवणार आणि परवाना नाकारला गेला तर बयाणा परत देणार, एवढं मी पावतीवर लिहून घेतलं. दुकानदाराला ते आवडलं नाही.

बंदूक हवी होती, कारण जानेवारीत एका रात्रीत माझ्या शेतातली केळीची सहाशे चाळीस खोडं कोणीतरी कापली. घड पंधरा-वीस दिवसांत सावद्याच्या व्यापाऱ्याकडे जायचे होते. कापणाऱ्याने एकही घड नेला नाही. चोर असता तर नेला असता. म्हणजे हे वैराचं काम, आणि वैर म्हणावं असं माझं एकाशीच झालेलं, बांधापलीकडच्या शेजाऱ्याशी.

बावीस वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून मी त्याला फावड्याच्या दांड्याने मारलं होतं. कोपराला सहा टाके पडले. केस तालुक्याच्या कोर्टात सतरा तारखा चालली. वकील, बस, चहा आणि बुडालेला दिवस धरून एका तारखेला तीनशे दहा रुपये जात होते, आणि वकील म्हणाले अजून दहा-बारा तारखा सहज लागतील. गुन्हा कबूल केला तर हजार रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. मी कबूल केला. पावणेसहापर्यंत बाकावर बसलो, दंड भरला, शेवटच्या बसने घरी आलो. दोन हजार तरी वाचले, असं तेव्हा बायकोला सांगितल्याचं आठवतं.

परवान्याच्या अर्जात विचारतात, पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का. एजंटाने दुकानातच त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काका, इथं 'नाही' लिहा. एवढी जुनी केस कॉम्प्युटरवर पण नाही."

"आणि तुमचे किती?"

"पंधरा हजार. बाकीचं मी बघून घेतो."

"कॉम्प्युटरवर नाही, तर बघायचं काय राहिलं?"

तो हसला आणि त्याने दुकानदाराकडे पाहिलं. दोघांचं आधीच ठरलेलं असावं, अशी मला शंका आली. मेहुण्यांवरही आली, ती मी बोलून दाखवली नाही. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "दाजी, जिथं तिथं खरं बोलायला तुम्ही काय कीर्तनकार आहात का?"

मी जळगावात एका वकिलाला विचारलं. शिक्षा संपून पाच वर्षांच्या वर होऊन गेली असली तर तेवढ्यावरून परवाना अडत नाही, पण लपवली तर तो नवा गुन्हा, असं त्याने सांगितलं. तीन खेपा घालून निकालाची नक्कल काढली, अर्जात 'होय' लिहिलं आणि नक्कल जोडली.

चार महिन्यांनी पोलीस स्टेशनातून बोलावणं आलं. चौकशीत शेजाऱ्यांचे जबाब घेतात. फौजदारांनी निकाल वाचला होता, म्हणून त्यांनी जुन्या फिर्यादीलाच बोलावलं होतं. तो माझ्या आधी येऊन बसला होता. आता संपलं, असं मी धरून चाललो. फौजदारांनी त्याला विचारलं, ह्यांच्या हाती बंदूक द्यावी का?

तो सावकाश बोलला. "साहेब, यानी माले मारं व्हतं, हाई खरं शे. पन कोर्टमा उभा राहीसन यानी कबूल करं. साक्षीदार फोडता येतंस, यानी फोडा नहीत. बठ्ठा गावले माहीत शे."

मी तारखांचा खर्च वाचवायला कबूल केलं होतं. बावीस वर्षं हा माणूस, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळं गाव, त्याला माझा खरेपणा समजत आलं होतं.

मग फौजदार माझ्याकडे वळले. केळी कापल्याचा संशय कोणावर?

तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता, हातभर अंतरावर. नाव घेतलं असतं तर अर्ज तिथेच फाटला असता. ज्याला एकदा मारलं त्याच्यावरच संशय आणि हातात बंदूक, कोण देईल? मी म्हणालो, "नाही. कोणावरही नाही."

फौजदारांनी तसं लिहिलं. मी खाली सही केली.

तो असा का बोलला, हे मला अजून कळलेलं नाही. ज्याने कापली नाही तो असं बोलेल. ज्याने कापली तोही, शहाणा असेल तर, असंच बोलेल.

परवाना पुढच्या जानेवारीत आला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून शेजारी बांधाकडे येताना लांबूनच खाकरायला लागला. पूर्वी कधी खाकरत नव्हता. बांधालगतच्या पंपाकडे यायचं असलं की आधी दोन वेळा खाकरतो, थांबतो, माझी मान वर झाली की मग पुढे येतो. घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती.

"बंदूक अजून दुकानात आहे आणि माणूस इथं खोकायला लागला," ती म्हणाली. "मग आता आणायची कशाला?"

मी तिला मुदत सांगितली. परवान्यावर ठरल्या मुदतीत हत्यार घ्यावं लागतं. मुदत गेली की पुन्हा पहिल्यापासून: अर्ज, नक्कल, त्याचा जबाब, आणि त्याच्या शेजारी बसून माझा.

"एवढंच कारण?"

"एवढंच."

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

३ फेब्रुवारीला एकटाच धुळ्याला गेलो. दुकानदाराने बंदूक पुसून काउंटरवर ठेवली, परवान्यावर नंबर चढवला, कशासाठी घेता म्हणून विचारलं. केळीसाठी, म्हणालो. उरलेले एकोणतीस हजार आणि दहा काडतुसांचे बाराशे असे तीस हजार दोनशे त्याला चेकने दिले आणि पक्कं बिल घेतलं. एजंट तिथेच स्टुलावर बसला होता. त्याला काही दिलं नाही.